डोमकळ्या, पळाट्या आणि एल्व्ही थॉमस

दिवाळीआधीची पहिली वेचणी होती. आमच्या माजलगाव तालुक्यातल्या चार एकरांत मी, आई आणि गावातल्या सहा बाया. कमरेला ओटी, ओटीच्या घडीत फोन, आणि फोनवर मी लावलेलं गाणं. बांधावर बसलेल्या आजीनं कान दिला आणि विचारलं, "कोन गायलीय गं ही? हिच्या घरचं कुनी गेलंय का?"

आजीला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. गाणं होतं गीशी वायलीचं, 'लास्ट काइंड वर्ड्स ब्लूज', १९३० सालचं. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुःखाचं गाणं. जर्मनीच्या लढाईवर निघालेला माणूस जाताना काय बोलून गेला, ते ती सांगते. मी मेलो तर माझ्या देहाचं काय करायचं, हेसुद्धा तो सांगून ठेवतो. आजीनं नुसत्या आवाजावरून ओळखलं. तेव्हापासून या बाईबद्दल लिहायचं मनात होतं.

गीशी वायली आणि तिची जोडीदारीण एल्व्ही थॉमस. दोघीही गिटार वाजवायच्या, दोघीही गायच्या. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्राफ्टन गावी जाऊन त्यांनी पॅरामाउंट कंपनीसाठी मिळून सहा गाणी गायली. आज त्यांच्या एवढीच सहा गाणी आहेत. ही कंपनी मुळात खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची. कारखाना ग्रामोफोनची लाकडी कपाटंही करायचा. ती खपावीत म्हणून तबकड्या काढायला लागला. पैसा वाचवायचा म्हणून माल हलका वापरायचे. त्यामुळे या गाण्यांत सगळीकडे तडतड ऐकू येते, चुलीत वाळलेल्या पळाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, घातल्यावर होते तशी. मला ती तडतड नकोशी वाटत नाही. तिच्या आडून गीशीचा आवाज येतो तेव्हा मी वेचता वेचता थांबते.

एल्व्हीच्या नावाचा प्रकार मला फार लागला. तिचं नाव एल्व्ही नव्हतंच. ती 'एल. व्ही.', दोन अक्षरं. तबकडीवर छापताना त्याचं 'एल्व्ही' झालं, आणि जगानं पुढं तेच धरलं. आमच्या आजीचं नाव आधारवर एक आहे, रेशनकार्डावर दुसरं, आणि आम्ही हाक मारतो ते तिसरंच. एल. व्ही. ह्यूस्टनची. १९६१ साली मॅक मॅकॉर्मिक नावाच्या अभ्यासकानं तिला तिथंच गाठून बोलतं केलं. तोवर ती ब्लूज गाणं सोडून चर्चमध्ये रमली होती. ती १९७९ साली वारली. म्हणजे माझी आई जन्मल्यानंतरही ती हयात होती! मला उगाच वाटायचं, ही माणसं पणजीच्याही आधीची असतील.

कापूस आणि हे संगीत वेगळं काढताच येत नाही. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीय कुटुंबं मालकाच्या रानात निम्म्या वाट्यानं कापूस करायची. बी-बियाणं, पीठमीठ मालकाच्याच दुकानातून उधार, आणि वर्षअखेरीच्या हिशेबात हाती बहुतेक वेळा देणंच. आमच्या आजोबांनी सालगडी म्हणून बारा वर्षं काढली. पाडव्याला घेतलेली उचल फिटता फिटायची नाही, हे मी आजीकडून ऐकत मोठी झाले.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आमचं रान धुऊन नेलं. जिकडंतिकडं डोमकळ्या, म्हणजे अळीमुळं न उमलता मिटून राहिलेली फुलं, आणि बोंड फोडलं की आत कवडी, खराब झालेला कापूस. त्याच हिवाळ्यात मी मिसिसिपीच्या चार्ली पॅटन या ब्लूज गायकाचं गाणं पहिल्यांदा ऐकलं. 'मिसिसिपी बो विव्हल ब्लूज', १९२९ साली गायलेलं. आपली ती पतंगाची अळी. तिकडचा 'बो विव्हल' हा लांब सोंडेचा भुंगेरा. १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरला, १९०७ पर्यंत मिसिसिपीत पोचला. पाते आणि बोंड टोचून आत अंडी घालायचा. पॅटन त्या किड्याशी बोलतो. शिव्या घालत नाही, गावोगाव फिरणाऱ्या पाव्हण्याशी बोलावं तसं बोलतो. याच पॅरामाउंट कंपनीनं त्या तबकडीवर त्याचं नावच छापलं नाही. 'मास्क्ड मार्व्हल' असं टोपणनाव टाकलं आणि आवाज कुणाचा ते ओळखा, अशी गिऱ्हाइकांत स्पर्धा लावली. मला तो प्रकार अजिबात आवडला नाही. माणसाच्या नावाचा असा खेळ करू नये.

आमच्याच माजलगावात भीमनगरातल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या ओव्या जमवण्याच्या प्रकल्पात ध्वनिमुद्रित झाल्या. या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या आहेत. आमची आजी त्यांत नाही.

म्हणून त्या दिवशी संध्याकाळी, कापूस मोजून झाल्यावर, मी फोन तिच्यापुढं धरला. आधी "आता कुठं येतंय" म्हणाली. मग जात्याचा खुंटा धरल्यासारखी मूठ आवळून तिनं सुरू केलं. भावाची ओवी, मग लेकीची, मग आजोबांचं नाव घेऊन एक, जी मी आजवर ऐकली नव्हती. त्या काळी तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटं मावायची. आजी अकरा मिनिटं गायली. मागं शेळी ओरडते, आई कुणाला तरी पाणी दे म्हणते, तेही त्यात आलंय. फाइलला नाव द्यायची वेळ आली तेव्हा मी तिला विचारलं, तिन्ही नावांतलं कुठलं लिहू?

"माहेरचं लिही," ती म्हणाली, आणि चौथंच नाव सांगितलं.