आमची वाटचाल: पार्लरमधून स्टेजच्या टॅनपर्यंत

विश्रामबागला आमचं पार्लर, फेशियल, डीटॅन, नवरीचा मेकअप हे रोजचं काम. सांगलीत टॅन, म्हणजे अंगावर फवारून गडद रंग, करून देतो म्हटलं की बायका अजून विचारतात, अगं आम्ही काळं झालो म्हणून तुझ्याकडं येतो आणि तू उलटं काय करतीस? पण माझे दीर जिममध्ये ट्रेनर, त्यांच्या जिमची पोरं बॉडीबिल्डिंगच्या शोच्या आदल्या रात्री एकमेकांना स्पंजनं रंग फासायची, पाठीवर पट्टे, मानेवर ओघळ, आणि महिनोनमहिने डाएट करून काढलेले कट्स, म्हणजे स्नायूंच्या रेषा, स्टेजच्या फोकसमध्ये दिसायचेच नाहीत. जीव तुटायचा बघून. म्हणून मग स्प्रे गन, कॉम्प्रेसर आणि घडीचा तंबू घेतला, आता पोरांचं दीर करतात, मुलींचं मी.

पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं रंग मारला की झालं. तसं नसतं. लिक्विडमधलं डीएचए, म्हणजे रंग आणणारं रसायन, कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरातल्या अमिनो ॲसिडशी रिॲक्शन करतं, तव्यावर भाकरीला खरपूस रंग चढतो ना जवळपास तसंच. लगेच दिसतो तो नुसता ब्रॉन्झर, म्हणजे वरवरचा रंग, खरा रंग ६ ते ८ तासांत चढतो, साधा टॅन ५ ते ७ दिवस टिकतो आणि मग हळूहळू जातो. स्टेजला मात्र एका हातात भागत नाही, आदल्या दिवशी कोट, पंख्यासमोर हात लांब करून सुकवायचं, परत कोट, सकाळी टचअप.

खरं काम तयारीचं आहे आणि तिथंच पोरं ऐकत नाहीत! शेव्ह, वॅक्स, स्क्रब सगळं किमान एक दिवस आधी उरकायचं, येताना अंगाला तेल, लोशन, डिओ काही नको, डिओ असला की काखेत हिरवट झाक येते. कोपर, गुडघा, घोटा कोरडे असतात, तिथं रंग जास्त धरतो, म्हणून आम्ही आधी पातळ क्रीम लावतो, तळहाताला पण. रंग चढायच्या आत घामाची एक धार आली तरी पांढरी रेघ उमटते, त्यामुळं एप्रिल-मेमध्ये आम्ही संध्याकाळीच बोलवतो. कपडे सैल आणि गडद घाला, गादीवर जुनी चादर टाका, थोडा वास येतो तो अंघोळीनंतर जातो.

पॅच टेस्टशिवाय, म्हणजे आधी कातडीच्या छोट्या जागी लावून बघितल्याशिवाय, आम्ही गन हातात घेत नाही. नाकात फिल्टर, डोळे मिटलेले, ओठांवर बाम, कारण अमेरिकेच्या एफडीएनं (अन्न-औषध खात्यानं) पण डीएचएला फक्त बाहेरून लावायला परवानगी दिलीय, श्वासातून आत जाणं त्यात बसत नाही. दम्याच्या माणसाला आम्ही स्प्रे करत नाही, हातानं लावून देतो. आणि हा रंग उन्हापासून वाचवत नाही हं, सनस्क्रीन लावायचंच.

शो साताऱ्याला असला तर तंबू घेऊन तिकडंही येतो, फक्त खिडकी असलेली खोली आणि चालू पंखा द्या.