ओव्यांच्या प्रिंट्स: नऊपैकी सहा झाल्या, दोन वाया गेल्या

पाऊस सुरू झाल्यापासून काम रखडलंय, तरी सांगतो. आईने वहीत उतरवून ठेवलेल्या आजीच्या ओव्यांवरून सरिअलिस्ट, म्हणजे स्वप्नातल्यासारख्या, लिनो प्रिंट्स करतोय (लिनोच्या मऊ पत्र्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर छापायचं) आणि 27 फेब्रुवारीला सोसायटीच्या हॉलमध्ये लावायच्यात. त्या दिवशी तात्यासाहेबांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, नाशकात कवितेचं काहीही मांडा, माणसं येतात.

एका ओवीत बाई म्हणते की जात्यात पहाट घातली आणि पिठातनं माहेरची वाट निघाली. मी अगदी तसंच काढलं, जातं, बाई, जात्यातून निघालेली वाट, आणि झालं काय तर बँकेचं कॅलेंडर. मग सरिअलिस्ट चित्रकार माक्स अर्न्स्ट आठवला. त्याने 1925 मध्ये हॉटेलातल्या लाकडी जमिनीवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि जे उमटलं त्यातनं चित्रं शोधली, त्यालाच फ्रोताज म्हणतात.

भद्रकालीत मामीच्या वाड्यात जिन्याखाली जुनं जातं पडलंय. वरची तळी बाजूला केली, खालचीवर बटर पेपर ठेवला आणि 6बी, म्हणजे मऊ काळी पेन्सिल आडवी धरून घासत बसलो. मामी म्हणे, "अरे, दगडाला काय गिरगटतोस, चहा गार होतोय!" टाकीचे घाव मधल्या खुंट्यापासून बाहेर पसरलेले उमटले, पण एका बाजूला दगड झिजून गुळगुळीत झालाय तिथे काहीच उमटलं नाही, नुसता पांढरा वाकडा पट्टा. तीच वाट! मी काढलेली नव्हे, दळून दळून पडलेली.

पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचा फायदा म्हणजे घासलेला कागद लिनोवर उलटा ठेवून मागनं घासला की चित्र उतरतं आणि छापताना परत सुलटं येतं. मेणखडू असता तर बोंब होती. प्रेस नाही माझ्याकडे, स्टीलच्या डावाच्या पाठीने घासतो, एका प्रिंटला वीस मिनिटं, तरी काळ्यात मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके राहतातच. दोन वाया गेल्या त्या मात्र माझ्या घाईने: ऑइल इंक या दमट हवेत पाच दिवस ओलीच होती आणि मी एकावर एक रचून ठेवल्या.

ओवी प्रिंटखाली लावायची का यावर घरात वाद चाललाय. चित्रकार मिरोने फ्रेंच कवी एल्युआरच्या कवितांसाठी लाकडी ठोकळे कोरले त्यात दहा वर्षं गेली, पुस्तक 1958 ला आलं आणि कवी 1952 लाच गेलेला. त्यातही चित्रं कवितेचा अर्थ सांगत बसत नाहीत, शब्दांच्या आजूबाजूला खेळतात. म्हणून मी ओव्या समोरच्या भिंतीवर लावणार, लोकांनी जोड्या लावत बसू नये. आईला पटलेलं नाही.

उरलेल्या तीनसाठी उखळ शोधतोय, दगडी हवं, पंचवटीत कुणाकडे पडलं असेल तर सांगा, अर्धा तास घासू द्या फक्त.