टीपीयूवर विहिरीचं पाणी चढेना: माझा अनुभव

औसा तालुक्यातल्या भूजलपातळीचं मॉडेल मी पीएचडीसाठी करतोय. कॉलेजातल्या संगणकावर एका पावसाळ्याचा हिशोब सुटायला रात्र जायची, आणि मध्येच लाईट गेली की सकाळी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून गूगल कोलॅबवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या गूगलच्या संगणकावर, फुकट मिळणारा टीपीयू (गूगलची खास गणिती चिप) धरला. वाटलं, कोड उचलून तिकडं टाकला की झालं.

तसं कुठलं! टीपीयू मुळात एआयच्या न्यूरल नेटवर्कसाठी केलेला. माझ्या वाट्याला आलेल्या व्ही2 या पिढीच्या टीपीयूच्या पोटात गुणाकार-बेरीज करणाऱ्या घटकांची 128×128 जाळी असते, एका ठोक्याला 16,384 गुणाकार. मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचे तक्ते, दिली तर तो सुसाट. पण माझ्या मॉडेलमध्ये जमीन चौकटींत मांडलेली; ‘शेजारच्या चार चौकटी बघून पाझर काढ’ म्हटलं की जाळी रिकामी बसते. मग पाझरच मॅट्रिक्सच्या गुणाकारात बसवला.

पहिला आठवडा कंपाइलनेच, म्हणजे कोड चिपच्या भाषेत उतरवण्यानेच, खाल्ला. मी पायथनची जॅक्स ही लायब्ररी वापरत होतो, आणि तिच्या जिट या कंपाइल करणाऱ्या सोयीच्या आत पायथनचा साधा फॉर-लूप ठेवला होता. जॅक्स मॉडेलची हजारो पावलं एकेक उलगडत बसायचं. जॅक्सचाच फोरी-लूप वापरल्यावर ते मिटलं. मग वेळ मोजला तर इतका कमी की मित्रांना फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी कळलं, जॅक्स काम सोपवून लगेच मोकळं होतं, उत्तर यायचं असतं! उत्तर येईपर्यंत थांबवणारी ब्लॉक-अंटिल-रेडी ही आज्ञा लावल्यावर खरा आकडा आला. मित्रांना काही परत फोन केला नाही.

खरी गोची पुढं. आमचा कातळ बेसाल्टचा, पाणी धरायला जागा शंभरात दोनेक. त्यामुळे दिवसभरात 10 मिलिमीटर पाणी मुरलं तर विहीर अर्धा मीटर चढते. माझं एक पाऊल तासाचं, म्हणजे दर पावलाला दोनेक सेंटिमीटर. पण मॉडेलमध्ये पाऊस कितीही ओता, पातळी हलेना. नकाशा काढला तर भूजलाला बांध घातल्यासारख्या पायऱ्या: 540, 544, 548 मीटर. अधलंमधलं काहीच नाही.

दोन दिवस समीकरणातच चूक शोधली. चूक तिथं नव्हतीच. मी आकडे फ्लोट32 मध्ये, म्हणजे 32 बिटांत, दिले होते, पण गुणाकाराआधी टीपीयू ते बीएफ16, म्हणजे 16 बिटांचे ढोबळ, करून घेतो. त्यात अपूर्णांकाला सातच बिट. 512 ते 1024 मध्ये त्याला फक्त चारच्या पटीतले आकडे मांडता येतात. 541.3 चे झाले 540. वर दोन सेंटिमीटरचा चढ घातला, तरी पुढच्या पावलाला 540 च.

त्याच संध्याकाळी गावाहून अण्णांचा फोन. “पानी उन्हाळ्यापेक्षा दोन परस वर हाय. तू काय करायलास?” मी समुद्रसपाटीपासून मोजत बसलो होतो. विहिरीच्या काठावर उभा राहून तसं कोण मोजतं? मे महिन्याची पातळी शून्य धरली आणि मॉडेलला फक्त वरचा चढउतार दिला. समीकरण रेषीय धरलेलं, त्यामुळे ते चालतं.

तेवढ्यानं भागलं नाही. पाणी आठ मीटर चढलं की बीएफ16 ची पायरी सहा सेंटिमीटरची होते, माझे दोन त्यात पुन्हा गडप. शेवटी जॅक्समधलं प्रिसिजन, म्हणजे अचूकतेची पातळी, ‘हायेस्ट’ केलं. मग टीपीयू एकाच गुणाकाराच्या सहा फेऱ्या मारतो आणि फ्लोट32 च्या जवळपास पोचतो. वेग उतरला, पण रात्रीचं काम आता चहा उकळेपर्यंत होतं.

पायऱ्या गेल्या. नकाशा अण्णांना पाठवला. त्यांनी विचारलं, “ह्यात आपली हीर कुठाय?” माझ्या मॉडेलची एक चौकट 50 मीटर बाजूची. आमचं चार एकर रान जेमतेम साडेसहा चौकटींचं. त्यातली कुठली विहिरीची, ते आता गावी जाऊन बघायचंय.