अख्खा मसूरचा हिशोब अखेर लागला

काटा हलला! कित्येक आठवडे ६१.८ किलोवर खिळलेली माझ्या वजनाची सात दिवसांची सरासरी ६१.२ वर आली. माझ्या १६० सेंमी उंचीला भारतीयांचा २३ चा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) धरला, तर ५९ किलोच्या आत यायचं आहे, म्हणजे वाट अजून आहे. पण अडलं होतं कुठे ते सापडलं, याचा आनंद जास्त.

भाकरीच्या कॅलरींचं कोडं मागेच मिटलं होतं. भाजलेली भाकरी तोलायची नाही, कोरडं पीठ तोलायचं. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाला १६७ कॅलरी, मग पाणी कितीही घाला, तवा कितीही तापो. पीठ चोख, भात चोख, वहीत रोज ३०० कॅलरींची तूट, तरी काटा ढिम्म. एवढ्या तुटीनं महिन्याला किलो-सव्वा किलो तरी उतरायला हवं.

संशय अख्खा मसूरच्या रश्शावर होता. पातेल्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे: भरलेल्या पातेल्यातून रिकामं वजा, मग एकूण कॅलरी भागिले वजन. २०० ग्रॅम मसुराचे ६०० (एनआयएन म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात आकडे किलोज्यूलमध्ये आहेत, ४.१८४ ने भागून घ्या), कांदा-टोमॅटो-लसणाचे १००, कांदा-लसूण मसाल्याचे ६०, आणि ६० ग्रॅम शेंगतेलाचे ५४०. बेरीज १३००. शिजून झालं १२०० ग्रॅम. म्हणजे १५० ग्रॅमच्या वाटीला १६२.

हे गणित खरं कधी? पातेल्यातलं सगळं सारखं मिसळलेलं असेल तेव्हा. तवंग मिसळत नाही! तळातली वाटी बिनतेलाची धरली तर १०० कॅलरी. वरून पळी फिरवली आणि वाटीत २० ग्रॅम तेल आलं तर २६७. दोन्ही टोकं झाली, पण आपल्याकडे वाढणारा माणूस मायेनं तवंगच वाढतो. दुपारी आणि रात्री अशी वाटी आली की वहीत न दिसणाऱ्या दोनशे कॅलरी पोटात. तूट बरीचशी तिथेच संपत होती.

आधी तवंग चमच्यानं काढून तोलला. त्यात मसाला आणि पाणीही येतं, त्यामुळे तेल किती ते कळेना. काचेच्या ग्लासात ठेवून थर मोजले, तेही मनासारखं नाही. शेवटी उलटीकडून गेले. ३० ग्रॅम तेलात मसाला परतायचा, उरलेल्या ३० ग्रॅमची तिखटाची फोडणी वेगळ्या वाटीत, ती ताटात चमच्यानं घ्यायची. ५ ग्रॅमचा चमचा, ४५ कॅलरी. सासूबाई म्हणाल्या, ‘तेल सुटल्याशिवाय मसूर लागतोय होय?’ कांद्यात आधीच मीठ घालून झाकण ठेवलं आणि ३० ग्रॅमातही मस्त तेल सुटलं. त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला! वर थोडा तवंग अजून येतो, पण ढवळून वाढलं की वाटी-वाटीत फारसा फरक राहत नाही.

फोडणीसाठी ०.१ ग्रॅमचा छोटा काटा हवाच. ५ किलोचा काटा चमच्याला भरवशाचा नाही. आपोआप लवकर बंद होणारे काटे मात्र घेऊ नका, कांदा चिरेपर्यंत पातेलं ठेवून केलेलं शून्य निघून जातं. आणि अॅपमधली ‘भाकरी, १ नग’ ही नोंद मी कधीच वापरणार नाही. पिठाचं वजन नसेल तर त्या आकड्याला अर्थच नाही.

आता महिनाअखेरीस वहीतलं तेल घरात संपलेल्या पिशव्यांशी ताडून बघायचं ठरवलं होतं (लिटरच्या पिशवीत साधारण ९१० ग्रॅम). पण हे लिहिता लिहिता भडंगाचा डबा समोर आला. दाणे आणि लसूण तळाला, चुरमुरे वर. हीच भानगड! १०० ग्रॅम शेंगदाण्यांत ५२० कॅलरी, म्हणजे डबा संपत आला की प्रत्येक मूठ जड होत जाणार. सांगलीत राहून भडंग सोडायचं नाही, तेव्हा पिशव्या नंतर, रविवारी भडंग. चुरमुरे आणि तळलेले दाणे वेगळ्या डब्यांत ठेवून खाताना तोलून एकत्र करेन. दाण्यांनी किती तेल प्यायलं ते कढई आधी आणि नंतर तोलून काढेन. मिसळीच्या कटावर कुणी असं काही केलं असेल तर तेलाचे आकडे टाका, पुढचा नंबर त्याचाच आहे.