वरळीचा बेडूक आणि कमरेचा एक मणका

मुंबईतल्या एका कॉलेजात मी भूविज्ञान शिकवते. विभागातली जीवाश्मांची कपाटंही माझ्याच ताब्यात आहेत. एका सकाळी ऑस्ट्रेलियातल्या एका बेडूक-अभ्यासकाची ईमेल आली, मोजक्या ओळींची. वरळीच्या तुमच्या नमुन्यात एखादा बेडूक पाठीच्या बाजूने दिसतो का? दिसत असेल, तर कमरेच्या मणक्याच्या आडव्या फांद्या टोकाला रुंद होतात की शेवटपर्यंत काठीसारख्या राहतात? फोटो पाठवाल का, शेजारी मोजपट्टी ठेवून?

या प्रश्नामागे पावणेदोनशे वर्षांची चर्चा आहे. दख्खनचा लाव्हा एका दमात वाहिला नाही. उद्रेक थांबले की तळी साचत, त्यांत बेडूक, कासवं, पाणवनस्पती वाढत. पुढचा लाव्हा आला की सगळं गाडलं जाई. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा असाच एक काळसर शेलचा (चिखलापासून बनलेल्या पातळ पापुद्र्यांच्या खडकाचा) थर वरळीच्या टेकडीत सापडला आणि त्यात इवलेसे बेडूक निघाले. नमुने लंडनला गेले. तिथे रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांना ‘राना पुसिला’ असं नाव दिलं, म्हणजे आपल्या नेहमीच्या बेडकांच्या प्रजातीत बसवलं. १९३० साली न्यूयॉर्कच्या जी. के. नोबल यांनी हाडं पुन्हा तपासली आणि त्याला वेगळी प्रजाती दिली, ‘इंडोबॅट्रॅकस’. १९८५ मध्ये श्पिनार आणि होद्रोव्हा या चेक संशोधकांनी तर त्याला मायोबॅट्रॅकिडी कुळात टाकलं. या कुळातले आजचे बेडूक राहतात ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीत!

वरळीच्या दगडातल्या बेडकाचे नातलग थेट ऑस्ट्रेलियात असणं अशक्य नाही. भारत, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया एकेकाळी गोंडवन या प्राचीन महाखंडात जोडलेले होते. पण शक्य असणं वेगळं आणि हाडात दिसणं वेगळं.

मी नमुना मायक्रोस्कोपखाली घेतला. प्रयोगशाळेतले मामा दिवा धरून उभे होते. हाडं तपकिरी, खडक काळा. वरून उजेड टाकला तर काहीच उठून दिसत नाही. दिवा जवळजवळ टेबलाला टेकवून तिरपा धरला तेव्हा मणक्यांची रांग वर आली. बेडूक केवढा, तर अंगठ्याच्या पेराएवढा. मामांनी विचारलं, “मॅडम, हा कुठला?”

“वरळीचा, मामा.”

“आमच्या वरळीचा?” मामांचा जन्म कोळीवाड्यातला. त्यांनी दिवा माझ्या हातात दिला, चष्मा पुसला आणि माझ्याआधी स्वतः बराच वेळ पाहून घेतलं. मला ते फार आवडलं.

मग मी फांदीवर आले. डावी बाजू तुटलेली होती. उजवी खडकात थोडी बुडालेली, पण टोक स्पष्ट. मुळापासून बाहेर जाताना ती हळूहळू पसरत होती. राना प्रजातीत ही फांदी गोल आणि सरळ असते. ही तशी नव्हती. सुईने थोडा खडक काढला असता तर कड आणखी मोकळी झाली असती, पण दगड ठिसूळ आहे आणि असे नमुने पुन्हा मिळणार नाहीत. वरळीची ती टेकडी आता इमारतींखाली आहे. सुई ठेवून दिली.

फोटो पाठवले. सोबत लिहिलं: फांदी टोकाला रुंद होते, मध्यम प्रमाणात. खांद्याची हाडं छातीवर एकमेकांवर चढतात की मध्यभागी घट्ट जुळतात, ते दिसत नाही, कारण प्राणी चेपलेला आहे आणि तो भाग खाली गेला आहे. तेव्हा एवढ्या एका फांदीवरून कूळ ठरवू नये, असं माझं मत.

विभागातल्या माझ्या एका सहकाऱ्याला हे फार सावध वाटलं. त्याला इडुक्कीचा जांभळा बेडूक आठवला. नासिकाबॅट्रॅकस, २००३ साली नोंदवलेला, जनुकांवरून ज्याचे सर्वांत जवळचे नातलग सेशेल्स बेटांवर निघाले. “हा त्याचाच पूर्वज असेल,” तो म्हणाला. मी ठाम नाही म्हटलं. दोघे भारताच्या पश्चिम बाजूचे आणि दोघांची कहाणी गोंडवनाची, म्हणून एक दुसऱ्याचा पूर्वज ठरत नाही. तसं दाखवणारं एकही हाड आमच्यासमोर नव्हतं.

संध्याकाळी ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकाचं उत्तर आलं. त्यांनी क्रिनिया या ऑस्ट्रेलियातल्या छोट्या बेडकाच्या कोरड्या सांगाड्याचा फोटो जोडला होता, त्याच मणक्याचा. मी दोन्ही फोटो एकाच मापात करून पडद्यावर शेजारी ठेवले. एक प्राणी आजच्या दलदलीत ओरडणारा, दुसरा दख्खन पेटत असताना मेलेला. फांदीची ती पसरण दोन्हीकडे होती. माझ्या अंगावर खरंच काटा आला. आयुष्यभर वर्गात गोंडवनाचा नकाशा काढला, पण ते जुने नाते इतक्या जवळून कधी दिसलं नव्हतं.

त्यांनीही घाई केली नव्हती. “रुंद फांद्या इतर कुळांतही असतात,” असं स्वतःच लिहिलं होतं. पुढची विनंती खांद्याच्या हाडांबद्दल होती: सीटी स्कॅन केलं तर चेपलेला भाग आतून दिसेल का? मी होकार कळवला, एका अटीवर. दगड देशाबाहेर जाणार नाही, स्कॅन इथेच करायचं आणि फक्त फाइल्स पाठवायच्या. आता शेल आणि हाड यांची घनता स्कॅनमध्ये पुरेशी वेगळी उमटते का, ते आधी मोडक्या, बिननोंदीच्या तुकड्यावर तपासून घ्यायचं आहे.