रंग नसलेली बाटली

नवरात्रातली पाचवी माळ. रात्री दीडपर्यंत गरबा आणि सकाळी नऊला लॅब, हे बडोद्यात सगळ्यांचंच चालतं. डोळे चोळत खोका उघडला, तर मीडियमच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवाच्या, सहाही बाटल्या पाण्यासारख्या! आमचं नेहमीचं मीडियम लालसर, कोकम सरबतात पाणी जास्त झाल्यासारखं. विक्रेत्याला फोन लावून मराठी-गुजराती जे तोंडाला आलं त्यात झापलं. ‘बेन, दशेरा पछी बदली आपीश,’ म्हणून त्यानं फोन ठेवला.

पेशी कुठे दसऱ्यापर्यंत थांबतात? उंदराच्या कवटीपासून मिळवलेल्या, हाड घडवणाऱ्या पेशी होत्या त्या. आदल्या दिवशी प्लेटमध्ये लावलेल्या. आज मीडियम बदलून इस्ट्रोजेन हे हार्मोन द्यायचं होतं.

‘फिनॉल रेड नाही, एवढंच ना?’ सर म्हणाले. ‘खाणं तेच आहे. घाल.’

घातलं, पण कुरकुरत. तो रंग म्हणजे आमचा पहारेकरी. मीडियम आंबलं की पिवळं पडतं, मग बदलायची वेळ कळते. आता नुसतं पाणी बघून काय कळणार?

खरं दुखणं वेगळंच होतं. दीड महिना माझा प्रयोग अडला होता. इस्ट्रोजेन दिलेल्या आणि न दिलेल्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या ‘कंट्रोल’, पेशींत अल्कलाइन फॉस्फटेज हे हाड घडवणाऱ्या पेशींचं एन्झाइम सारखंच यायचं. हाडाच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश पकडणारी प्रथिनं, असतात, हे 1988 मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकातल्या दोन शोधनिबंधांनी दाखवलं, मग माझ्याच पेशी बहिऱ्या का? हार्मोनची नवी कुपी आणली. ते विरघळवायच्या अल्कोहोलवर संशय घेतला. इन्क्युबेटरचा कार्बन डायऑक्साइड तपासला, बरोबर पाच टक्के. मीडियममध्ये मिसळायच्या सीरममधली (रक्तद्रवातली) संप्रेरकं तर मी स्वतः कोळशानं शोषून काढत होते, त्या बाबतीत मान ताठ.

चार दिवसांनी, खंडेनवमीला, प्लेट वाचायची होती. सूक्ष्मदर्शकाला सकाळीच झेंडूचं फूल वाहिलेलं. पेशी धुऊन फोडल्या, रसायन घातलं आणि बसले. या चाचणीत एन्झाइम जितकं जास्त, तितका पिवळा रंग गडद. अर्ध्या तासानं प्लेट उचलली. हार्मोनच्या रांगा हळदीसारख्या. आणि कंट्रोलच्या? फिकट, लिंबाच्या पाण्यासारख्या. मशीनवर ठेवायच्या आधीच डोळ्यांना दिसत होतं.

सरांनी प्लेट खिडकीशी धरली. ‘म्हणजे इतके दिवस आपण कंट्रोललाही औषध पाजत होतो?’

तसंच होतं. फिनॉल रेड इस्ट्रोजेनसारखं, कमजोर का होईना, काम करतं, हे 1986 मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर सिद्ध झालं होतं. पुढे कळलं, की दोष मुख्यतः रंगात उरलेल्या एका अशुद्धीचा. मी हार्मोन देत होते दहा नॅनोमोलर. मीडियममधला रंग त्याच्या हजारपटीहून जास्त. अशुद्धी त्यातली कणभर असली तरी पुरे. माझ्या कंट्रोलच्या पेशी उपाशी नव्हत्याच, मग हार्मोननं वेगळं काय दाखवायचं?

चीड आली ती स्वतःची. मी वाचलेल्या शोधनिबंधांत ‘फिनॉल रेडविरहित मीडियम’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मला ते मोठ्या लॅबचं सोवळं वाटलं होतं, म्हणून पुढे सरकले.

सर अर्थात एका प्लेटवर भुलणारे नव्हेत. ‘लाल आणि बिनरंगी शेजारी शेजारी लाव, तीनदा. मग बोलू.’

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा माणूस स्कूटरवर सहा लाल बाटल्या घेऊन दारात हजर. ‘बेन, जुन्या द्या परत.’

‘देत नाही. दोन लाल ठेव, बाकीच्या ने. आणि ही बिनरंगी आणखी दहा लिहून घे.’

तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘पण ती तर चुकून आली होती ना?’