आमची वाटचाल : आधी बुंधा, मग फळ

वाशीच्या फळबाजारात आमचा संत्रा-मोसंबीचा गाळा आहे. पूर्वी क्रेट उघडून मालाचा भाव ठरायचा. आता काटोल-वरुडकडच्या बागेतले बुंधे आधी पाहतो, मग सौदा. ही सवय रोगांनी लावली.

आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळा सरताना आलेल्या फुलांचा, पहिला माल ओल्या दिवसांत तुटला की जपावे लागते. मातीतली फायटोफ्थोरा बुरशी पावसाच्या शिंतोड्यांनी खालच्या फळांना लागते. भरताना फळ चांगले दिसते. डाग उमटायला चार-सहा दिवस जातात, तोवर माल गाळ्यावर आलेला असतो. डाग तपकिरी, चामड्यासारखा घट्ट. क्रेट उघडताच उग्र वास येतो. लागलेले फळ शेजारच्यालाही नासवते. समृद्धीवरून गाडी लवकर येते, पण बागेतून आलेली बुरशी त्याने मरत नाही. म्हणून जमिनीपासून दोन फुटांपर्यंतची फळे वेगळ्या क्रेटमध्ये भरायची, गळलेली अजिबात नाहीत, आणि दव सुकल्यावरच कात्रीने तोडायचे.

हीच बुरशी बुंध्याला डिंक्या आणते. साल चिरते, डिंक ओघळतो, पाने पिवळी पडतात. पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो मलम लावावे: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून एकत्र करावे. मलमात लोखंडी सळई बुडवावी. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. आणखी चुना न घालता लावले तर साल भाजते. उरलेले दुसऱ्या दिवशी वापरू नये.

ग्रीनिंग या दुसऱ्या रोगावर मात्र इलाज नाही. सिट्रस सायला ही कीड तो पसरवते. फळ वाकडे, देठाकडे पिवळे आणि खाली हिरवे राहते. उभे कापले की मधला दांडा तिरका, बिया काळपट, पोचट, रस कडवट. फ्लोरिडात तो २००५ मध्ये सापडला. पुढच्या २० वर्षांत तिथले संत्रा उत्पादन ९० टक्क्यांहून जास्त घसरले, त्यात वादळांचाही वाटा आहे. आपल्याकडे स्वस्तातल्या रोगट कलमांमधून तो नव्या बागेत शिरतो, याची आम्हाला फार काळजी वाटते. ओळखीच्या बागाईतदारांना आम्ही हेच सांगतो: कलमाचा डोळा (कळी) तपासलेल्या मातृवृक्षाचाच घ्या, खुंट (ज्यावर डोळा बांधतात ते मुळाचे रोप) जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचा, आणि लावताना कलमाचा सांधा मातीपासून वीतभर वर राहू द्या.